म्हैसूर ते पुणे, व्हाया बेळगाव

बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीत योगाच्या क्लासची चौकशी केली तर हल्ली उलट प्रश्न येतो: अय्यंगार हवा, अष्टांग हवा की नुसता प्राणायाम? आजोबांच्या पिढीला हा घोळ नव्हता. त्यांची तालीम होती, जोर-बैठका होत्या आणि सूर्यनमस्कार होते. योग हा साधूबैराग्यांचा प्रांत.

गंमत म्हणजे अय्यंगार आणि अष्टांग ही एकाच गुरूची लेकरं. टी. कृष्णम्माचार्य १९३३पासून म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात राजाश्रयाने योगशाळा चालवत. अष्टांगवाले पट्टाभी जोइस त्यांचे शिष्य, तर बी. के. एस. अय्यंगार शिष्यही आणि मेहुणेही. अय्यंगारांची तब्येत लहानपणापासून तोळामासा. मलेरिया, टायफॉईड, क्षय, सगळं भोगून झालेलं.

१९३६ साली कृष्णम्माचार्य शिष्यांना घेऊन उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिकांसाठी फिरले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. इथले सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी ती आसनं पाहिली आणि त्यांच्या मनात भरली. पुढे ते पुण्यात आले, आणि १९३७ मध्ये त्यांच्याच खटपटीने डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिक्षक बोलावला गेला. अय्यंगार आले. वय अठरा, मराठीचा गंध नाही, समोर आपल्याहून दणकट कॉलेजकुमार. सहा महिन्यांचा मुक्काम जन्माचा झाला. पुण्याचं म्हणून जगभर गेलेल्या या योगाची सोयरीक बेळगावात जुळली, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

गुरू एक असूनही वाटा फुटल्या. त्रिकोणासन घ्या. अष्टांगवाला पाच श्वास मोजतो आणि पुढच्या आसनाकडे वळतो. क्रम ठरलेला, श्वास आणि हालचाल जोडीने. अय्यंगारवाला तिथेच थांबतो. टाच कुठे, गुडघ्याची वाटी वर ओढली का, छाती उघडली का? हात जमिनीला पोचत नसेल तर खाली लाकडी वीट. विटा, पट्टे, दोर, खुर्च्या हा सगळा सरंजाम अय्यंगारांनी पुण्यात वाढवला. गुडघे धरलेल्या साठीच्या माणसाला मी तरी अय्यंगारांची वाट सुचवीन.

सूर्यनमस्काराचं कूळ निराळं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात आसनं जेमतेम पंधरा, आणि त्यांत बसून करायचीच जास्त. सूर्यनमस्कार त्यात नाहीत. आपल्या भागात त्यांना व्यायामाचा मान मिळाला तो औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्यामुळे. त्यांनी संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि त्यांवर पुस्तकंही लिहिली. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी तिसरंच काम हाती घेतलं: आसन-प्राणायामाने शरीरात नेमकं काय होतं ते प्रयोगशाळेत तपासायचं.

या सगळ्यांच्या आधी, ऑक्टोबर १८९२ मध्ये, स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले आणि वकील भाटे यांच्या घरी उतरले. पुढे १८९६ मध्ये त्यांचा ‘राजयोग’ छापून आला. त्यात भर ध्यानावर आणि मनाच्या निग्रहावर. हठयोगाच्या शारीरिक कसरतींना त्यांनी फार किंमत दिली नाही. त्यामुळे क्लासमध्ये भिंतीवर विवेकानंदांची तसबीर आणि खाली शीर्षासनाची रांग दिसली, की मला हसू येतं.