स्पेनला निघण्याआधी हे वाचा: कामापुरतं स्पॅनिश आणि समुद्रात उतरणं

आमच्याकडे स्पॅनिशच्या क्लासला येणारे आणि आमच्या छोट्या ग्रुपबरोबर स्पेनला जाणारे, दोघंही निघायच्या आठवड्यात फोन करून तेच दोन प्रश्न विचारतात. एक, कामापुरतं स्पॅनिश किती दिवसांत येईल, आणि दुसरा, बीचवर पोहायला मिळेल ना. दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकदाच नीट लिहून देतोय. घरातल्या सगळ्यांनी वाचा, आणि ज्यांना चांगलं पोहता येतं त्यांनी तर नक्कीच वाचा.

ओला, ग्राथियास, पोर फाबोर हे सगळ्यांना आधीच येत असतं, बऱ्याच जणांनी मोबाइलवर अ‍ॅप लावून दोन-तीन महिने प्रॅक्टिसही केलेली असते, त्यात काही वाईट नाही. गडबड पुढे होते. लोक प्रश्न पाठ करतात आणि उत्तर पाठ करत नाहीत. हॉटेलात जाऊन 'दोन्दे एस्ता एल बान्यो', म्हणजे टॉयलेट कुठे आहे, एकदम झकास विचारतात, समोरचा खूश होऊन भरभर सांगतो, 'आल फोन्दो, बाखान्दो लास एस्कालेरास, आ ला इथ्किएर्दा', म्हणजे शेवटाला जा, जिना उतरा, डावीकडे, आणि आपला माणूस मान हलवून थँक्यू म्हणतो आणि तिथेच उभा राहतो. मग आमच्या गाइडला फोन. एका ग्रुपमध्ये असे फोन दिवसभर चालू असतात, त्यात गाइडचा वेळ जातो आणि तुमचाही जातो, आणि तो वेळ तुम्ही पैसे मोजून घेतलेला असतो.

म्हणून आमच्या क्लासमध्ये आम्ही उलटं शिकवतो. आधी उत्तरं कानावर पाडतो. आ ला देरेचा म्हणजे उजवीकडे, तोदो रेक्तो म्हणजे सरळ, सेर्रादो किंवा थेर्रादो ऐकलं की बंद आहे, नो केदा म्हणजे संपलंय. आकड्यांवर एक अख्खी बैठक जाते कारण सेसेन्ता म्हणजे साठ आणि सेतेन्ता म्हणजे सत्तर, गर्दीच्या दुकानात हे दोन्ही सारखेच ऐकू येतात. काही जण पहिल्या दिवशी नाराज होतात की आम्हाला बोलायला कधी शिकवणार. बोलणं येतंच हो, मराठी माणसाला स्पॅनिश बोलायला फार सोपं आहे, आपले त आणि द त्यांच्या त-दसारखेच दाताला लागून येतात, आ ए इ ओ उ हे स्वर तसेच, फक्त इंग्लिश स्पेलिंग बघून वाचू नका. वहीत देवनागरीत लिहा. आमच्या नोट्स देवनागरीत आहेत त्या याच कारणासाठी. जे रोमन बघून वाचतात ते खामोनला जॅमन म्हणतात आणि वेटरला कळत नाही, आणि हा शब्द आपल्या शाकाहारी मंडळींना तर आलाच पाहिजे कारण ते डुकराचं मांस आहे आणि स्पेनमध्ये ते कशातही असू शकतं.

शाकाहाराचं लगेच सांगून टाकतो. 'सोय बेखेतारियाना' (पुरुषांनी बेखेतारियानो) एवढ्यावर थांबू नका. कॅफेत 'सान्दविच बेखेताल' दिसलं म्हणून लोक बिनधास्त मागवतात, त्यात बऱ्याचदा ट्यूना मासा आणि अंडं असतं, एन्सालादा मिक्स्ता नावाच्या सॅलडमध्येही ट्यूना असतो. नको ते नाव घेऊन सांगायचं: सिन कार्ने (मांस), सिन पेस्कादो (मासे), सिन आतून (ट्यूना), सिन उएबो (अंडं). सिन म्हणजे 'शिवाय', हा एक शब्द पक्का केलात तर ट्रिपचं निम्मं जेवण सुटलं. नळाचं पाणी, आग्वा देल ग्रीफो, हॉटेलवाल्याने फुकट द्यायचं असा तिकडे २०२२ चा कायदाच आहे, तेव्हा दर वेळी बाटली घ्यायची गरज नाही.

बार्सिलोनाला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिथे बऱ्याच पाट्या कातालान भाषेत असतात. मेट्रोत सालीदा शोधत बसाल तर पाटीवर सोर्तीदा लिहिलेलं असेल. बाहेर पडायचा रस्ता तोच. सान सेबास्तियानला बास्क भाषा दिसेल, शहराचं नावही दोनोस्तिया असं लिहिलेलं असेल, घाबरू नका, बरोबर शहरात आहात.

आता समुद्र. आमचा खरा आग्रह इथे आहे.

दर वेळी कुणीतरी म्हणतं, आम्ही मालवणचे, समुद्र आम्हाला नवीन नाही. खरं आहे, आणि म्हणूनच तुम्हाला हे पटेल. मालवणला अनोळखी जागी उतरायच्या आधी तुम्ही तिथल्या गाबिताला विचारता, अलिबागला कोळ्याला विचारता, आज कसं आहे पाणी, ओढ आहे का, आणि तो नको म्हणाला तर उतरत नाही. स्पेनमध्येही तेच करायचंय. तिथे विचारायचं ते सोकोर्रिस्ताला, म्हणजे लाइफगार्डला: 'से पुएदे नादार आकी?' इथे पोहता येईल का. आणि परत तेच, प्रश्नापेक्षा उत्तर महत्त्वाचं. 'ओय नो' म्हणजे आज नाही. 'आय कोर्रिएन्ते' म्हणजे ओढ आहे. 'आस्ता ला बोया' म्हणजे त्या पिवळ्या बोयापर्यंतच, बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारी हद्दीची खूण. 'आकी कूब्रे' म्हणजे इथे पाणी डोक्यावरून जातं, 'नो कूब्रे' म्हणजे पाय टेकतात. हे पुस्तकात सहसा नसतं पण बीचवर पोरांच्या आया दिवसभर हेच ओरडत असतात. आणि शिट्टी वाजवून कुणी 'फुएरा' किंवा 'साल्गान देल आग्वा' ओरडलं तर आधी बाहेर या, कशाला ते मग विचारा.

झेंडे सगळ्यांना माहीत आहेत असं सगळ्यांना वाटतं. हिरवा म्हणजे उतरा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे अजिबात नाही, आणि लाल असताना उतरलं तर बऱ्याच ठिकाणी नगरपालिका दंडही करते. घोळ होतो तो निळ्यामुळे. बान्देरा आथूल, निळा झेंडा, हा किनाऱ्याची स्वच्छता आणि सोयी यांचा दर्जा सांगणारा झेंडा आहे, १९८७ पासून युरोपात देतात, आणि आता आपल्या महाराष्ट्रातही अशा निळ्या झेंड्यासाठी धडपड चालू असते. त्याचा आजच्या लाटांशी संबंध नाही. निळा फडकतोय आणि शेजारी लाल आहे असं होऊ शकतं, तेव्हा लालच पाळायचा. अजून एक, गोव्यात लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधे पोहायचं असतं हे डोक्यात असतं, म्हणून काही जण नुसता पिवळा बघूनही निर्धास्त उतरतात. तिकडे पिवळा एकटा असेल तर तो सावध करतोय. मेदूसाचं, म्हणजे जेलीफिशचं चित्र असलेला झेंडा दिसला तर लहान मुलांना पाण्यात सोडू नका. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, नळाचं गोडं पाणी लावू नका, वाळूने चोळू नका, आणि सरळ सोकोर्रिस्ताकडे जा, 'मेदूसा' म्हणून हात दाखवला तरी पुरे.

ओढ कशी ओळखायची हे आम्ही फोटो दाखवून शिकवतो, इथे थोडक्यात सांगतो. किनाऱ्यावर उभं राहून पाच मिनिटं फक्त बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत, पांढरा फेस येतोय, आणि मधेच एक पट्टा शांत, जरा गडद, तिथे लाट फुटतच नाही, फेस आणि वाळू उलटी समुद्राकडे जाताना दिसते. हाच पट्टा धोक्याचा. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी तिथून परत जात असतं. आणि नेमकं तिथेच, शांत दिसतंय म्हणून, माणसं मुलांना घेऊन उतरतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून जोर लावू नका, चांगले पोहणारे याच जोर लावण्यात दमतात. ती ओढ तुम्हाला आत नेते, खाली नेत नाही. तरंगत राहा, हात वर करा, 'आयूदा' किंवा 'सोकोर्रो' ओरडा, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि फुटणाऱ्या लाटांतून बाहेर या. दुसरं कुणी सापडलं तर मागोमाग उडी मारू नका, फुगवलेलं काहीतरी फेका आणि ११२ ला फोन करा. युरोपात सगळीकडे हाच नंबर आहे, आपल्याकडेही आता हाच आहे. बीचचं नाव सांगता आलं पाहिजे, म्हणून पोचल्या पोचल्या पाटीचा फोटो काढून ठेवा.

एकाच शहरात दोन बीच किती वेगळे असतात ते सान सेबास्तियानला दिसतं. ला कोन्चा हा बीच खाडीच्या आत आहे, समोर सान्ता क्लारा बेट आडवं असल्यामुळे पाणी बरंच शांत. तिथून चालत थोडं पुढे, नदीच्या पलीकडे सुर्रिओला, तो थेट समुद्राला उघडा, सर्फिंगवाले तिथे जमतात. सकाळी ला कोन्चात पोहलो म्हणून संध्याकाळी सुर्रिओलात उतरायचं असं करू नका, तिथला झेंडा नव्याने बघा. तिकडे अटलांटिकची मोठी भरती-ओहोटी असते, टॉवेल आणि चपला वर ठेवा. भूमध्य समुद्राला, म्हणजे बार्सिलोना, वालेन्सिया बाजूला, भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही, म्हणून तो निरुपद्रवी असं समजू नका, वारा सुटला की तिथेही ओढ तयार होते.

पिवळ्या बोयांच्या आतली जागा पोहणाऱ्यांची. बोया नसतील तर बीचवर किनाऱ्यापासून २०० मीटरपर्यंत आणि इतर किनाऱ्याला ५० मीटरपर्यंत, असा तिकडचा नियम आहे. पण मधेच दोन बोयांच्या ओळी किनाऱ्यापर्यंत आलेल्या दिसतील, त्यामधली गल्ली बोटींसाठी असते. गर्दी नाही म्हणून तिथे जायचं नाही.

आमच्यावर सगळ्यात जास्त राग येतो तो एका नियमामुळे: सोकोर्रिस्ता ड्युटीवर नसेल तर ग्रुपचा माणूस गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. लोक म्हणतात एवढे पैसे भरून आलो आणि पाय भिजवून परत. तुमचं म्हणणं समजतं. पण आपल्या सुट्ट्या बघा, मे महिना आणि दिवाळी. तिकडे पूर्ण बंदोबस्त असतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबर, बऱ्याच बीचवर आपण जातो तेव्हा खुर्ची रिकामी असते आणि झेंड्याचा खांबही रिकामा. झेंडा नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही, बघायला कुणी नाही असा त्याचा अर्थ. शिवाय मे महिन्यात आपला समुद्र कोमट असतो आणि तिथलं पाणी साधारण १७-१८ डिग्रीचं, एकदम उडी मारली की श्वास अडकतो, पहिलं मिनिटभर दम घेताच येत नाही, त्या वेळी नाका-तोंडात पाणी गेलं की चांगला पोहणाराही गोंधळतो. हळूहळू उतरा, आधी मान आणि छातीला पाणी लावा. ज्यांना मनसोक्त पोहायचंच आहे त्यांना आम्ही जून किंवा सप्टेंबरची बॅच घ्यायला सांगतो, तिकीट थोडं मागेपुढे होईल पण पाणीही बरं असतं आणि बीचवर माणूसही असतो.

बायकांकडून नेहमी येणारा प्रश्न, कपडे कुठले. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टॉप घाला, बीचवर कुणी बघत बसत नाही. कॉटनचा ड्रेस, ओढणी, जीन्स घालून मात्र आत जाऊ नका, भिजल्यावर ते सगळं जड होऊन पायात येतं. दारू घेतली असेल तर पाण्यात नाही, सांग्रिया गोड लागते म्हणून ती सरबतात मोजू नका. आणि सगळ्यांनी एकदम पाण्यात जायचं नाही, एक जण सामानापाशी बसेल, बार्सिलोनाच्या बीचवरून बॅगा जातात. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत.

ग्रुपबरोबर येणाऱ्यांना स्पॅनिशच्या सहा बैठका पॅकेजमध्येच आहेत, त्यातली पाचवी समुद्राची, ती सगळ्यांना सक्तीची. आपापले जाणारे नुसता क्लासही करू शकतात, आणि ज्यांना फक्त पाचव्या बैठकीला बसायचंय त्यांनाही बसू देतो, त्याची फी वेगळी आणि थोडीच आहे. बैठक चुकली तर निघायच्या आदल्या दिवशी फोनवर 'पाच मिनिटांत सांगा' असं करू नका, ते पाच मिनिटांत होत नाही, पुढच्या बॅचला येऊन बसा. येताना एक वही आणा आणि ज्या बीचवर जाणार आहात त्याचं नाव लिहून आणा, तिथली पाटी कशी असते ते आम्ही दाखवतो.