लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती : शिकायला सुरुवात कुठून करावी?

आमच्याकडून घेतलेल्या किंवा दुरुस्त करून नेलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर आम्ही लिब्रेऑफिस घालून देतो. पत्रं, अर्ज लिहायला त्यात रायटर आहे, हिशेबाला कॅल्क. ते फुकट आहे आणि परवान्याची मुदत संपून मध्येच बंद पडत नाही. मात्र अपडेट झालं की रामबागेपासून सुदामानगरापर्यंतच्या ग्राहकांचा एकच प्रश्न येतो : "आमच्याकडे २५ नंबरचं आहे आणि नेटवर सगळं ६ आणि ७ चं सापडतं. शिकायचं कशावरून?"

जुन्यावरून खुशाल शिका. ऑगस्ट २०२३ मध्ये ७.६ आली आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस तिच्यामागून थेट २४.२. मधलं काही तुमच्या हातून सुटलेलं नाही, फक्त नंबर देण्याची रीत बदलली. आता पहिला आकडा सालाचा आणि दुसरा महिन्याचा (२४.२ फेब्रुवारीच्या एक दिवस आधी आली, इतकंच), म्हणजे २५.८ ही ऑगस्ट २०२५ ची. आपली कोणती, हे हेल्प मेनूत 'अबाउट लिब्रेऑफिस' वर दिसतं.

मराठीतून शिकायचं असेल तर आमची पहिली शिफारस आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाची. गूगलवर 'स्पोकन ट्युटोरिअल' शोधा, विषयात लिब्रेऑफिस रायटर किंवा कॅल्क निवडा आणि भाषा मराठी. पाठ साधारण दहा-दहा मिनिटांचे आहेत. ते नुसते बघायचे नाहीत. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर कॅल्क उघडं ठेवायचं, तिकडे जे केलं ते थांबवून इकडे करायचं. सरावाला दुसऱ्याची उदाहरणं कशाला? घरची भिशी किंवा गणेशोत्सव मंडळाची वर्गणी घ्या. नावं, रक्कम, तारीख भरली आणि बेरीज आपोआप आली की पुढचा पाठ बघायला कुणी सांगावं लागत नाही.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो. मराठी पाठ बरेच जुने, ३.३ आवृत्तीच्या काळातले आहेत आणि त्यात विंडोजऐवजी उबंटू लिनक्सचा पडदा दिसतो. रंग, चित्रं वेगळी वाटतील, पण फाइल, एडिट, फॉरमॅट हे मेनू तिथेही आहेत, इथेही. दुसरं म्हणजे पाठांत आवाज मराठी असला तरी मेनू इंग्रजीच आहेत. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत करता येतात, तरी शिकेपर्यंत ते इंग्रजीतच राहू द्या, नाहीतर ऐकलेलं नाव पडद्यावर सापडणार नाही.

पाठात सांगितलेली आज्ञा जागेवर नसेल तर शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. शोधाची छोटी चौकट उघडते. तिच्यात आज्ञेच्या नावातली चार अक्षरं टाका, आज्ञा समोर येते आणि तिथूनच चालवता येते. ही सोय ७.२ पासून आहे, म्हणून जुन्या पाठांत तिचा उल्लेख नाही. नवशिक्याला याहून उपयोगाचं बटण आम्हाला तरी माहीत नाही.

इंग्रजी वाचायची सवय असेल तर हेल्पमधल्या 'यूजर गाइड्स' मधून अधिकृत पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. सुरुवातीला 'गेटिंग स्टार्टेड गाइड' पुरे. पुस्तकावरचा आकडा तुमच्या आवृत्तीच्या थोडा मागे असला तरी चालेल. कृपा करून ते अख्खं छापून घेऊ नका, फार जाड आहे. लिब्रेऑफिसमधल्या बेस (डेटाबेस) आणि मॅथ (गणिती सूत्रं) यांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

मराठी टायपिंग नव्याने शिकत असाल तर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना वाचता येणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीतच शिका. आपल्याकडे कृतीदेव अजून खूप वापरतात, पण तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आणि सीए साहेबांना हिशेब पाठवताना 'सेव्ह अॅज' मध्ये एक्सेलचा प्रकार निवडा.

घरी नेट नसेल तर रिकामा पेनड्राइव्ह घेऊन या. स्पोकन ट्युटोरिअलचे पाठ इतरांना द्यायची परवानगी आहे, रायटर आणि कॅल्कचे मराठी पाठ आम्ही भरून देऊ. त्याचे पैसे घेत नाही. अडलेला पाठ आणि तुमची फाइल घेऊन दुपारी दुकानात आलात तर बसून दाखवू. संध्याकाळी गर्दीत तेवढं लक्ष देता येत नाही.