प्रोस्टेट कर्करोग : रक्तवाहिनीरोधक औषधे व किरणोपचार

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर किरणोपचार करताना गाठीचा रक्तपुरवठा रोखणारी औषधे जोडीने देण्याची पद्धत. ती अजून प्रायोगिकच आहे; किरणांसोबत संप्रेरकरोधक औषधे देणे ही रूढ पद्धत.

गाठ वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या रोखल्या तर गाठ खुंटेल, हा विचार अमेरिकी शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. किरणोपचाराशी त्याची सांगड घालताना मात्र पहिल्याच पायरीवर अडते. किरणांनी डीएनएला केलेली इजा पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनला मुकलेल्या पेशी मारायच्या तर अडीच ते तीनपट मात्रा द्यावी लागते. मग रक्त तोडून किरणांचाच परिणाम घटणार नाही का? गाठींच्या रक्तवाहिन्यांचे अभ्यासक राकेश जैन यांनी २००१ मध्ये याला उत्तर सुचवले. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. नव्या वाहिन्या फुटायला लावणाऱ्या व्हीईजीएफ या वाढघटकाला अडवणारे औषध बेताने दिले, तर निकामी वाहिन्या झडतात, उरलेल्या काही काळ सुरळीत वाहतात आणि ऑक्सिजन वाढतो. हा काळ थोडाच टिकतो. किरणांच्या बैठका त्यात बसवणे हीच खरी कसरत.

दुसऱ्या गटातली औषधे तयार वाहिन्याच कोसळवतात. त्यांपैकी कॉम्ब्रेटास्टॅटिन दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्ब्रेटम कॅफ्रम या झाडात सापडले (आपले हिरडा आणि अर्जुन याच कुळातले). त्याने गाठीचा गाभा मरतो, पण कडेचा पातळ थर शेजारच्या निरोगी ऊतींच्या रक्तावर तगून राहतो. त्याला ऑक्सिजन भरपूर, त्यामुळे किरणे नेमकी तिथेच चांगली लागू पडतात. ब्रिटनमधील एका प्राथमिक चाचणीत प्रोस्टेटच्या रुग्णांना २० बैठकांत ५५ ग्रे (किरणमात्रेचे एकक) किरणे आणि हे औषध देण्यात आले. रक्तदाब वाढणे आणि हृदयाला रक्त कमी पडणे हे या औषधाचे धोके.

प्रत्यक्ष निकाल तर्काइतके देखणे नाहीत. बेव्हॅसिझुमॅब (व्हीईजीएफला अडवणारे औषध), संप्रेरकरोधक औषधे आणि किरणे एकत्र दिलेल्या एका चाचणीत जेमतेम १८ रुग्ण होते. तिच्यात उशिरा उद्भवणारे दुष्परिणाम वाढल्याची शंका आली. पसरलेल्या रोगात, किरणांविना, डोसेटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाला बेव्हॅसिझुमॅबची जोड देणाऱ्या हजारावर रुग्णांच्या चाचणीतही (२०१२) आयुर्मान लक्षणीय वाढले नाही, विषारी परिणाम मात्र वाढले. प्रोस्टेटपुरते एक कारण हाताशी आहे: संप्रेरकरोधक औषधांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरवले की गाठीतला व्हीईजीएफ आपसूक घटतो. रूढ उपचारच रक्तवाहिन्यांवर थोडेफार काम करून जातो आणि नव्या औषधाला बहुधा फारसे काही उरत नाही.