स्किनमुळे खेळ बदलत नाही, म्हणून ती निरुपद्रवी?

ऑनलाइन गेम्सबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: पैसे मोजून ताकद मिळत असेल तर ती लूट, पण नुसत्या स्किन, म्हणजे पात्राचे कपडे-रंग, किंवा नाच विकले तर कुणाचंच नुकसान नाही. यातला दुसरा भाग चुकीचा आहे.

‘ओव्हरवॉच’च्या लूट बॉक्समध्ये, म्हणजे गेममधल्या बंद पेट्यांमध्ये, फक्त सजावट असायची, बंदुकीला कणभरही जोर मिळत नसे. तरीही 2018 मध्ये बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने ते जुगारात धरले, कारण पैसे भरताना आत काय निघेल हे ठाऊकच नसायचं.

‘फोर्टनाइट’चं प्रकरण तर याहून बोलकं. 2022 मध्ये एपिक गेम्सने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या आयोगाशी तडजोड करत ग्राहकांच्या परताव्यासाठी 24.5 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. आयोगाचा आरोप असा, की वस्तू नुसती न्याहाळताना शेजारचं बटण दाबलं गेलं तरी पैसे कापले जायचे. स्लीप मोडमधला गेम जागा करतानाही तेच!

मग प्रत्येक स्किन फसवी का? अजिबात नाही. खऱ्या चलनात किंमत, वस्तू समोर, खरेदी रद्द करायची सोय, ही सरळ विक्री झाली. तिच्यावर कित्येक फुकट गेम चालतात. पण अनेक गेम्समध्ये खरेदीसाठी आधी गेमचीच नाणी विकत घ्यावी लागतात, ती ठरावीक गठ्ठ्यांतच मिळतात, थोडी हमखास उरतात, वर ‘आज शेवटचा दिवस’चं घड्याळ धावत असतं. समोर लहान मूल असेल तर मला याचा संताप येतो. मित्रांच्या टीममध्ये एकट्यानेच फुकटच्या पोशाखात उतरणं त्याला जड जातं, आणि दुकान नेमकं त्यावरच बेतलेलं असतं.