क्रेडिट ते ग्रिडकॉइन: प्रोसेसरच्या कामाचं मोल ठरलं कसं?

मे १९९९ मध्ये बर्कलीहून ‘सेटी ॲट होम’, म्हणजे परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे रेडिओ संकेत शोधायला स्वयंसेवकांचे घरचे संगणक वापरणारा प्रकल्प, सुरू झाला तेव्हा हिशोब सरळ होता: जितकी वर्क युनिट (कामाचे तुकडे) पूर्ण, तितका आकडा नावापुढे. दमडी मिळत नव्हती, तरी नुसतं यादीत वर चढण्यासाठी लोकांनी खोटे निकाल पाठवले. म्हणून एकच काम एकाहून अधिक संगणकांना देऊन उत्तरं ताडून पाहायची पद्धत पडली.

पुढे ‘बॉइंक’ या सामाईक प्रणालीमुळे असे अनेक प्रकल्प एकाच क्लायंटवर, म्हणजे स्वयंसेवकाच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमवर, आले. कुठलं युनिट दहा मिनिटांचं, कुठलं दहा दिवसांचं; नुसती मोजणी कुचकामी ठरली. मग सेटी ॲट होमच्या जेफ कॉब यांच्या नावावरून ‘कॉबलस्टोन’ हे क्रेडिटचं माप आलं. आजच्या व्याख्येत १ गिगाफ्लॉप्सचा (सेकंदाला अब्ज गणितं करणारा) संगणक दिवसभर चालला की २०० क्रेडिट. वेग ठरवायला क्लायंट स्वतःच व्हेटस्टोन आणि ड्रायस्टोन या चाचण्या घेई, आणि वेग गुणिले सीपीयूचा वेळ एवढ्या क्रेडिटवर दावा सांगे.

ग्यानबाची मेख इथेच आहे. या चाचण्या इटुकल्या, प्रोसेसरच्या सर्वांत आतल्या कॅशमध्येच, म्हणजे चिपमधल्या छोट्या पण जलद मेमरीतच आटोपतात. खरं काम तसं नसतं. मूळ संख्या शोधणाऱ्या प्राइमग्रिड प्रकल्पाचं १०२४ के एफएफटीचं (एफएफटी म्हणजे प्रचंड संख्या गुणायची रीत) एक टास्क ८ एमबी डेटा हाताळतं. ८ एमबी सामाईक एल३ कॅशच्या चार कोअरवर अशी चार टास्क लावली की ३२ एमबी होतात, सगळं रॅमकडे धावतं आणि कोअर ताटकळतात. तिथे चारही कोअर एकाच टास्कला द्यावेत. वेगाच्या चाचण्यांना यातला फरक दिसत नाही. त्यात विंडोज आणि लिनक्सचे क्लायंट एकाच चिपला वेगळे आकडे देत, आणि काहींनी तर आकडे फुगवणारे क्लायंटच बनवले. प्रकल्पांनी मग टास्कमागे ठरावीक क्रेडिट द्यायला सुरुवात केली. पण ते किती, हे ज्याचं त्याने ठरवलं. प्रकल्पा-प्रकल्पातली तुलना तेव्हापासून निरर्थकच.

२०१३ मध्ये आलेल्या ग्रिडकॉइनने, म्हणजे अशा कामाबद्दल कॉइन देणाऱ्या क्रिप्टोचलनाने, हा तंटा सोडवला नाही, त्याला वळसा घातला. जाळ्याचा एकूण ‘मॅग्निट्यूड’ (कामातल्या हिश्शाचं माप) १,१५,००० धरायचा, तो मान्य प्रकल्पांत समान वाटायचा, आणि प्रत्येक प्रकल्पात सरासरी क्रेडिटच्या, म्हणजे आरएसीच्या प्रमाणात हिस्सा द्यायचा. समजा २० प्रकल्प आहेत: प्रत्येकी ५,७५०. त्यातला हजारावा भाग तुमचा असेल तर मॅग्निट्यूड ५.७५. ग्रिडकॉइनच्या २०२० च्या फर्न अपग्रेडमधल्या, एका मॅग्निट्यूडमागे ०.२५ या दराने दिवसाला साधारण १.४४ कॉइन. ६५ वॉट खाणारा प्रोसेसर त्याच दिवसात दीड युनिट वीज जाळतो.

म्हणून केवळ सीपीयूवर चालणारा प्रकल्प निवडणं शहाणपणाचं. ग्राफिक्स कार्डांच्या पंगतीत बसलं की हिस्सा चिमूटभर उरतो. आरएसी आठवड्याला निम्मं अंतर कापतो, त्यामुळे नवा संगणक खऱ्या पातळीच्या जवळ यायला महिना लागतो. पहिल्या आठवड्याचे आकडे पाहून प्रोसेसरला नावं ठेवू नयेत.

सर्व प्रकल्पांत ईमेल एकच ठेवावा, नाहीतर सीपीआयडी, म्हणजे सर्व प्रकल्पांतली तुमची सामाईक ओळख, दुभंगते. बीकनची, म्हणजे ही ओळख ग्रिडकॉइनच्या जाळ्यात जाहीर करणाऱ्या नोंदीची, मुदत सहा महिन्यांची. ती संपली तरी टास्क येत राहतात, क्रेडिट चढत राहतं. फक्त मॅग्निट्यूड शून्य होतो.