शेजारी देशांचा लांबचा प्रवास : व्हिसा आणि परवान्यांचे नियोजन

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव यांपैकी दोन-तीन देश जोडून तीन-चार आठवड्यांचा किंवा त्याहून लांबचा प्रवास करू इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक तयार केले आहे. ‘शेजारच्या देशात जायला व्हिसा कशाला?’ असे आम्हांला नेहमी विचारले जाते, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला एकाच देशात जाऊन परत यायचे असेल, तर त्या प्रश्नात तथ्यही आहे. अडचणी उभ्या राहतात त्या देश जोडल्यावर. एका देशाला चालणारे ओळखपत्र पुढच्या देशाला चालत नाही, दोन देशांच्या मधे पुन्हा भारतात प्रवेश करावा लागतो, किंवा एका परवान्याची मुदत पुढचा प्रवास सुरू होण्याआधीच संपते. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, तिकिटे स्वस्त मिळाली म्हणून ती आधी काढून मग व्हिसाच्या चौकशीला येऊ नये. देशांचा क्रम आधी ठरवावा, त्या क्रमाला घरातील प्रत्येकाची कागदपत्रे पुरतात का ते पाहावे आणि तिकिटे त्यानंतर काढावीत.

घरात पासपोर्ट कोणकोणते आहेत?

गोव्यात हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त होण्याआधी, येथे जन्मलेल्या अनेकांनी आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असल्यामुळे, एकाच घरात नवऱ्याकडे भारतीय आणि बायकोकडे पोर्तुगीज पासपोर्ट असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे अशा व्यक्तींकडे बहुधा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असते. हे कार्ड भारतात येण्याजाण्यासाठी आणि राहण्यासाठी आहे; नेपाळच्या किंवा भूतानच्या सीमेवर त्याचा काहीही उपयोग होत नाही. तेथे फक्त पासपोर्ट पाहिला जातो, आणि माणूस मूळचा सासष्टीचा असो वा पेडण्याचा, पोर्तुगीज पासपोर्ट पुढे केला की त्याला युरोपीय प्रवाशाचेच नियम आणि युरोपीय प्रवाशाचेच दर लागू होतात.

हा फरक किती मोठा आहे, ते भूतानच्या उदाहरणावरून कळेल. भूतानमध्ये प्रत्येक प्रवाशाकडून दर रात्रीमागे शाश्वत विकास शुल्क घेतले जाते. भारतीय नागरिकाला ते १,२०० रुपये आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मे आहे आणि ६ वर्षांखालील मुलांना माफ आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर हेच शुल्क रात्रीमागे १०० अमेरिकी डॉलर आहे, आणि व्हिसाचे ४० डॉलर वेगळे. आता सहा रात्रींचा मुक्काम धरू. भारतीय पासपोर्टवरील नवऱ्याचे ७,२०० रुपये होतात, भारतीय पासपोर्टवरील दहा वर्षांच्या मुलाचे ३,६०० रुपये होतात आणि पोर्तुगीज पासपोर्टवरील बायकोचे ६४० डॉलर होतात. हॉटेल, गाडी आणि जेवण यांचा खर्च यात धरलेला नाही. हा हिशेब ऐकून काही कुटुंबे भूतानच्या रात्री कमी करतात आणि नेपाळचे दिवस वाढवतात. बेत बदलायचाच असेल, तर तो आमच्या टेबलाशी बसून बदललेला बरा.

नेपाळ

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र पुरेसे असते. आधार कार्डाविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांनाच ते वापरता येते. मधल्या वयाच्या प्रवाशाला केवळ आधार कार्डावर विमानात बसू दिले जात नाही. त्याला वाहनचालक परवाना आणि पॅन कार्ड यांचाही उपयोग होत नाही.

मतदार ओळखपत्रावर नेपाळला जाणे सोयीचे असले, तरी लांबच्या प्रवासात आम्ही त्याची शिफारस करत नाही. नेपाळनंतर भूतानला जायचे असेल, तर तेच ओळखपत्र चालते. परंतु वाटेत बेत बदलून काठमांडूहून परस्पर दुसऱ्या एखाद्या देशात जावेसे वाटले, तर घरी कपाटात ठेवलेला पासपोर्ट काही कामाचा नसतो.

पोर्तुगीज पासपोर्टवरील प्रवाशाला नेपाळचा व्हिसा काठमांडूच्या विमानतळावर किंवा सीमेवरील ठरावीक नाक्यांवर पोहोचल्यावर मिळतो. त्याचे दर १५ दिवसांना ३० डॉलर, ३० दिवसांना ५० डॉलर आणि ९० दिवसांना १२५ डॉलर असे आहेत. येथे अनेकजण काटकसरीच्या नादात १५ दिवसांचा व्हिसा घेतात आणि पुढे पोखऱ्यात चार दिवस जास्त राहतात. नंतर मुदत वाढवायची म्हटली, तर ती किमान १५ दिवसांचीच वाढते आणि तिला ४५ डॉलर पडतात. म्हणजे एकूण ७५ डॉलर झाले. तोच ३० दिवसांचा व्हिसा सुरुवातीलाच ५० डॉलरांत मिळाला असता. दिवस मोजताना पोहोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस हे दोन्ही धरावेत. सीमेवरील नाक्यावर कार्ड चालेल यावर विसंबू नये, डॉलर रोख जवळ ठेवावेत.

नेपाळहून भूतानला जाताना

आमच्या अनुभवात सर्वाधिक गोंधळ या टप्प्यावर होतो. नेपाळ आणि भूतान यांची सीमा कोठेही एकमेकींना लागत नाही. खुष्कीच्या मार्गाने जायचे असल्यास नेपाळमधील काकरभिट्टा येथून मेची नदी ओलांडून पश्चिम बंगालमधील पानीटंकीला यावे लागते. तेथून सिलिगुडीमार्गे जयगावला जायचे आणि जयगावच्या पलीकडे भूतानमधील फुन्त्शोलिंग गाठायचे, असा तो मार्ग आहे. म्हणजे मधे काही तास का होईना, प्रवासी भारतात येतो आणि भारतातून पुन्हा बाहेर पडतो.

भारतीय नागरिकाला याचे काही वाटत नाही. मेचीच्या पुलावरून माणसे, सायकली आणि ई-रिक्षा दिवसभर येजा करत असतात, आणि बसल्या जागेवरून उठावेही न लागता प्रवासी पलीकडे पोहोचतो. धोका नेमका येथेच आहे. त्याच रिक्षात बसलेल्या पोर्तुगीज पासपोर्टच्या प्रवाशालाही कोणी अडवत नाही, पण त्याने नेपाळच्या इमिग्रेशन कार्यालयात निर्गमनाचा शिक्का आणि भारताच्या कार्यालयात प्रवेशाचा शिक्का घेणे बंधनकारक असते. तो घेतला नाही, तर कागदोपत्री तो माणूस अजून नेपाळातच असतो. ही चूक उघडकीस येते ती पुढे, जयगावला किंवा परतीच्या विमानतळावर. म्हणून रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवावे, दोन्ही कार्यालयांपाशी उतरावे आणि शिक्क्यावरील तारीख तेथल्या तेथे वाचून पाहावी.

ओसीआय कार्ड असेल, तर भारतात कितीही वेळा प्रवेश करता येतो. मात्र कार्ड पासपोर्टसोबत प्रत्यक्ष जवळ असावे. ज्यांच्याकडे ओसीआय नाही आणि जे भारताच्या ई-व्हिसावर सुटीसाठी गोव्यात आलेले आहेत, त्यांनी प्रवेशांची संख्या मोजावी. ३० दिवसांच्या पर्यटक ई-व्हिसावर दोनदाच प्रवेश मिळतो. गोव्यात उतरताना पहिला प्रवेश होतो, नेपाळहून पानीटंकीला येताना दुसरा, आणि भूतानहून परत येण्यासाठी तिसरा उरतच नाही. शिवाय ई-व्हिसावरचा प्रवेश ठरावीक ठिकाणांहूनच करता येतो. अशा प्रवाशांना आम्ही काठमांडू ते पारो हे थेट विमान सुचवतो. ते महाग आहे, परंतु मधला भारतप्रवेश त्यामुळे टळतो.

सिलिगुडीपर्यंत आलोच आहोत, तर सिक्कीम पाहून घेऊ, असा विचार बहुतेकांच्या मनात येतो. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना, ओसीआयधारकांनासुद्धा, सिक्कीमसाठी वेगळा परवाना लागतो. नथुला खिंडीत तर केवळ भारतीय नागरिकांना आणि तेही परवान्यावर जाता येते. मिश्र पासपोर्टच्या कुटुंबाने नथुलाचा बेत आखू नये. एकाला गंगटोकला बसवून बाकीच्यांनी वर जाण्यात कोणालाच आनंद नसतो.

भूतान

भारतीय नागरिकाला भूतानचा व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. आधार कार्डावर परवाना मिळत नाही. मुलांचा पासपोर्ट नसेल, तर इंग्रजीतील जन्मदाखला सोबत लागतो. फुन्त्शोलिंगला पोहोचून परवाना काढता येतो, परंतु सुट्यांच्या दिवसांत तेथे तिष्ठत बसण्यापेक्षा ऑनलाइन अर्ज आधी केलेला चांगला. पोर्तुगीज पासपोर्टवरील प्रवाशाला व्हिसा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो, आणि शुल्क अर्जासोबतच भरायचे असते. त्यामुळे रात्रींची संख्या नक्की झाल्याशिवाय हा अर्ज करू नये.

श्रीलंका आणि मालदीव

श्रीलंकेसाठी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना म्हणजेच ईटीए निघण्यापूर्वी ऑनलाइन काढावा. तो ३० दिवसांचा असून त्यावर दोनदा प्रवेश करता येतो. कोलंबोला उतरून मालदीवला जाणे आणि परत कोलंबोमार्गे घरी येणे त्यामुळे एकाच परवान्यात बसते. त्याच्या शुल्काविषयीचे धोरण गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले असल्याने आम्ही दर येथे छापलेला नाही. अर्जाच्या दिवशीचा दर सांगितला जाईल. तमिळनाडूतील नागपट्टिनमहून कांकेसंतुराईला जाणाऱ्या बोटीसाठीही हाच परवाना लागतो.

मालदीवला पोहोचल्यावर व्हिसा विनाशुल्क मिळतो. आगमनाचे ऑनलाइन घोषणापत्र पोहोचण्यापूर्वीच्या ९६ तासांच्या आत भरायचे असते. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत.

जे देश आम्ही सध्या सुचवत नाही

बांगलादेशासाठी भारतीयांना आधी व्हिसा घ्यावा लागतो. कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेससह दोन्ही देशांमधील प्रवासी गाड्या जुलै २०२४ मध्ये थांबल्या, आणि ऑगस्टमधील सत्तांतरानंतर व्हिसाच्या कामकाजातही खंड पडत आला आहे. म्यानमारचा पर्यटक ई-व्हिसा २८ दिवसांचा असतो, परंतु २०२१ च्या लष्करी उठावानंतरची तेथील स्थिती पाहता आम्ही तो अर्ज घेत नाही. पाकिस्तानचा विचार एप्रिल २०२५ पासून अटारी-वाघा सीमा बंद झाल्यानंतर करण्याचे कारणच नाही. चीन आणि तिबेट यांचे व्हिसा व परवाने हा स्वतंत्र विषय असून त्याची माहिती कार्यालयात मिळेल.

नावे आणि तारखा

पासपोर्टवर परतीच्या दिवसानंतर किमान सहा महिने मुदत आणि दोन कोरी पाने असावीत. मुलांच्या पासपोर्टची मुदत बहुधा पाच वर्षांचीच असते, आणि आईवडिलांचे लक्ष नेमके त्यावरूनच सुटते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. पोलीस पडताळणी लागली, तर वेळ जातो हे धरून पणजीच्या पासपोर्ट कार्यालयातील भेटीची वेळ आधीच घ्यावी. ओसीआयधारकाने नवा पासपोर्ट काढला असल्यास तो ओसीआयच्या संकेतस्थळावर नोंदवला आहे का, तेही पाहावे.

जुन्या कागदांवरील स्पेलिंग हा गोव्यातला खास त्रास आहे. पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीत ‘नाईक’ हे आडनाव ‘क्यू’ने लिहिलेले असते, मतदार ओळखपत्रावर ‘के’ने, आणि तिकीट भलत्याच तिसऱ्या पद्धतीने काढलेले असते. तिकीट आणि परवान्याचा अर्ज यांवर नाव नेहमी जे कागदपत्र सीमेवर दाखवायचे आहे त्यावरूनच अक्षरशः उतरवावे, तोंडी सांगू नये.

घरातील तारवटी (जहाजावर नोकरी करणारा माणूस) रजेवर येऊन मग सगळे मिळून जाणार असतील, तर त्याचा पासपोर्ट त्या काळात जहाज कंपनीच्या एजंटाकडे पुढच्या व्हिसासाठी अडकलेला नाही ना, याची खात्री करावी. शॅक, टॅक्सी किंवा हॉटेलचा व्यवसाय असलेले ग्राहक पावसाळ्यात मोकळे होतात आणि चतुर्थीच्या आत परतू पाहतात. परंतु त्या दिवसांत हिमालयातील रस्ते दरडींनी बंद पडतात, तेव्हा परवान्यांत तीन-चार दिवस जास्तीचे धरावेत. ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी नेपाळची सरकारी कार्यालये दसऱ्याच्या, म्हणजे तेथील दशैंच्या काळात अनेक दिवस बंद असतात हे लक्षात ठेवून मुदतवाढ त्या आठवड्यावर ढकलू नये.

आमचे काम

आम्ही अर्ज तपासतो, भरतो आणि त्यांचा पाठपुरावा करतो. मंजुरी देणे न देणे संबंधित देशाच्या हाती असते, आणि सरकारी शुल्क भरल्यावर आमच्याकडून परत मिळत नाही. पहिल्या भेटीला घरातील सर्वांचे मूळ पासपोर्ट, ओसीआय कार्डे, मतदार ओळखपत्रे आणि मुलांचे जन्मदाखले आणावेत. मोबाइलवरील छायाचित्रांवरून आम्ही सल्ला देत नाही, कारण शिक्के आणि कोरी पाने त्यांत दिसत नाहीत. मूळ पासपोर्ट ठेवून घ्यावा लागल्यास लेखी पोच दिली जाते, आणि ती पोच दाखवल्याशिवाय पासपोर्ट कोणालाही, घरच्या माणसालाही, परत दिला जात नाही.