गाडीतली ओल: हवेतली की झिरपलेली?

हिवाळ्यात जुन्या गाडीचं दार उघडलं की कोंदट वास येतो, काचा आतून पांढऱ्या झालेल्या असतात. बहुतेक जण फडक्याने काच पुसतात आणि गाडी काढतात. पण ते पाणी आलं कुठून, हे आधी बघायला हवं. आतल्या हवेतलंच बाष्प गार काचेवर साचलेलं असेल, नाहीतर पाणी बाहेरून झिरपून आत शिरलेलं असेल. काचेकडे बघून दोन्हींत फरक कळत नाही, उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत. बाष्पासाठी गाडी मोकळी करावी लागते, गळतीसाठी बंद.

२० अंश सेल्सिअसची हवा एका घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरते, तर शून्य अंशाची जेमतेम ५ ग्रॅम. संध्याकाळी हीटर लावून चार माणसं बसली, बूट ओले होते, छत्री मागच्या सीटवर टाकली होती, की ते सगळं पाणी हवेत जातं. रात्री काचा आणि छताचा पत्रा सगळ्यात आधी गार पडतो, आणि हवेला न पेलणारं बाष्प तिथेच थेंब होऊन बसतं. ही ओल सगळ्या काचांवर साधारण सारखी असते, पाऊस नसला तरी येते आणि खाली कार्पेट कोरडं असतं.

गळतीची ओल एका कोपऱ्यात, एका बाजूला आणि खाली असते. पाऊस झाला की वाढते. ती शोधायला कार्पेटवर नुसता हात फिरवून भागत नाही, कारण कार्पेटखाली जाड फेल्ट किंवा फोम असतो. वरचं कापड सुकतं, फोम मात्र पाणी धरून बसतो. दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढा, कार्पेटची कड उचला, फोमवर टिश्यू पेपरची घडी ठेवून तळहाताने मिनिटभर दाबून धरा. घडी भिजली, तर काच पुसत बसण्यात अर्थ नाही.

गोंधळ होतो तो इथेच. फोममधलं पाणी दिवसा उन्हाने वाफ होऊन वर येतं आणि रात्री काचेवर साचतं. म्हणजे काचेवर दिसतं ते बाष्पच, पण त्याचं मूळ गळतीत. अशा गाडीत ओल शोषणाऱ्या कितीही पिशव्या ठेवल्या तरी त्या भरत राहतात, आणि तोवर कार्पेटखालचा जमिनीचा पत्रा गंजत जातो. पिशवी फार लवकर भरतेय असं वाटलं, तर आधी फोम तपासा.

गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली जागा वायपरखालची पन्हळ. तिथे पाला साचून निचऱ्याची भोकं बुजतात, आणि तुंबलेलं पाणी ब्लोअरच्या (आत हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) वाटेने पुढच्या पायांशी उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्या बघा. दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा सुटला की पाणी दारातून खाली जाण्याऐवजी आत येतं. डिकीत ओल असेल तर टेललाइटचं रबर आणि डिकीचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बघा. शोधताना एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने पाइपने हलकं पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि खरी फट कळत नाही.

पायांशी ओल आहे, पण ती चिकट लागते, गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर तेलकट थर बसतो? मग तो हीटरमधून गळणारा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे. तो विषारी असतो, लहान मुलांना आणि प्राण्यांना लांब ठेवा आणि गाडी मेकॅनिककडे न्या.

साध्या बाष्पासाठी एसी आणि हीटर एकत्र चालवा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, हीटर ती कोरडी हवा काचेवर सोडतो. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा, हे फार जण विसरतात. काच आतून स्वच्छ ठेवा, मळक्या काचेवर बाष्प लवकर धरतं. गाडी कोरड्या शेडमध्ये असेल तर काचा बोटभर उघड्या ठेवा. ताडपत्रीत घट्ट गुंडाळू नका, आतली ओल आतच कोंडते. हवा जाऊ देणारं कव्हर वापरा. पिशव्या ठेवायच्याच तर सिलिका जेलच्या ठेवा, त्या गरम करून सुकवून पुन्हा वापरता येतात. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यात मात्र खारं पाणी साचतं, आणि ते सांडलं तर गंजाला आयतंच निमंत्रण.

आणि गळती बुजवली म्हणजे काम संपलं नाही. सीट काढून कार्पेट आणि फोम बाहेर काढा, पूर्ण सुकवा, जमिनीचे सांधे खरवडून बघा. सीटखालची वायरिंगची जोडणी उघडून हिरवट थर आलाय का तेही तपासा. सगळं बसवण्याआधी एक पाऊस जाऊ द्या आणि पत्र्यावर कोरडा कागद पसरून ठेवा. कागद कोरडा राहिला, तरच कार्पेट बसवा.